मुकी नाव

१

पाण्यावर मुकं जायचं नाही.

आमच्या हिवरदरीच्या धरणावरचा हा नियम. वल्हं मारताना दर खेपेला ते तराफ्याच्या कडेवर आपटायचं. वल्हं थांबलं की तेलाचा रिकामा डबा वाजवायचा. दोन्ही हात जाळ्यात गुंतले असतील तर तोंडानं काहीतरी चालू ठेवायचं. गाणं म्हणा, शिव्या द्या, चालतं. पण या काठापासून त्या काठापर्यंत नावेचा आवाज तुटता कामा नये.

लहानपणी मी एकदा विचारलं होतं, काहून? तेव्हा रंगूआत्यानं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीनं, माझ्या तोंडावर हात ठेवला. मारला नाही, नुसता ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.

"हे इचारायचं नसते, वैजू."

मोठी झाल्यावर मला वाटलं, उत्तर सापडलं. आवाजानं मासा बिचकतो, पळतो आणि पळता पळता जाळ्यात शिरतो. बापजाद्यांनी हे पाहून नियम केला, पुढच्यांनी कारण विसरून नियम तेवढा सांभाळला. आपल्याकडच्या बहुतेक नियमांची हीच गत आहे. मी वाशीमला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, आणि तिथं शिकलेली एकच गोष्ट गावात परत आणली: कारण सांगता येत नसेल तर गप्प बसा.

एक गोष्ट मात्र माझ्या उत्तरात बसत नव्हती. जाळं सोबत नसतानाही, पलीकडच्या काठावर नुसती लग्नाची पत्रिका द्यायला जातानाही, म्हातारे डबा बडवत जायचे. मी हसायचे. ते हसायचे नाहीत.

२

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मालेगावच्या रस्त्यावर बाबांची मोटरसायकल घसरली. उजव्या खांद्याची नस गेली. हात होता, पण छातीच्या वर जात नव्हता. बाबा तो डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवायचे, दुसऱ्याचं सामान ठेवावं तसा.

आम्हाला शेत नाही. धरणातलं ठरलेलं पाणी तेवढं आमचं. आणि ज्या घरातून हंगामात कोणी पाण्यावर उतरत नाही, त्या घराचं पाणी मच्छीमार संस्था दुसऱ्याला देते. संस्थेचे अध्यक्ष माणिकराव, बाबांचे सख्खे मोठे भाऊ, माझे मोठेबाबा. ते घरी येऊन चहा पिऊन म्हणाले, "जगदेव, पुढच्या बैठकीत पाहू." ते गेल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायला उठले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. माय वाशीमला, माझ्या बहिणीच्या, सपनाताईच्या बाळंतपणाला गेलेली. घरात मी आणि भिंतीकडे तोंड केलेला बाप.

मी ऑनलाइन एक हवेची नाव मागवली, हिरव्या रबरी कापडाची. सोबत बॅटरीवर चालणारी छोटी मोटर. पार्सल शेलूबाजारला उतरलं. ई-रिक्षाची एक बॅटरी मिळवली. पायपंपानं हवा भरली तेव्हा नाव म्हशीच्या पोटासारखी फुगली. तळालाही हवेचीच गादी होती. पाय ठेवला की मऊ दबायची आणि हळूच परत वर यायची.

काठावर अर्धं गाव जमलं.

"हे काय आनलं व? जत्रेतला फुगा?" संस्थेतल्या रामकिसनकाकांनी नावेला बोट टोचलं.

"काका, टोचू नका. नख हाय का कोयता?"

"आन हा पंखा उलटा काहून लावला?"

"मोटर हाय. मागच्या फळीले कसायची, दांडा हातात धरायचा, मूठ पिळायची. वल्हं नको, पेट्रोल नको, खांदा नको." शेवटचा शब्द मी मोठेबाबांकडे पाहून म्हटला.

मी मूठ पिळली. पाण्यात पातं फिरलं. दुसऱ्या खोलीत डास गुणगुणावा, तेवढाच आवाज. तोही दोन पावलं मागं सरकलं की ऐकू येत नव्हता.

लोक हसत होते. मोठेबाबांचं हसणं सर्वांत आधी थांबलं.

"आवाज?"

"नाई करत. तेच तं भारी हाय."

"मंग काहीतं बांध त्याले. डबा-बिबा."

"मोठेबाबा, मी जाळं नाई टाकत, गळ टाकून राह्यली. गळाले मासा शांत पाण्यात लागते. तुमी डबा वाजवा, मी मासे धरतो."

"जगदेव, तू तं सांग हिले," आत्या म्हणाली.

बाबा कित्येक दिवसांनी काठावर आले होते. ते त्या मोटरकडे, लहान मूल झोक्याकडे पाहतं तसे पाहत होते.

"तुले शिकवलं हेच चुकलं," आत्या म्हणाली.

"हाव, चुकलंच. आता भोगा."

सगळे पुन्हा हसले. आत्या नाही हसली.

३

पहिल्या सकाळी धरणावर पातळ धुकं होतं. बाबा पुढं, माझ्याकडे तोंड करून, तळाच्या गादीवर मांडी घालून बसले. मी मागं, मुठीवर हात ठेवून. काठ सुटला आणि मला पहिल्यांदा आमचं धरण ऐकू आलं.

पाणकोंबडी पाण्यात शिरली तो आवाज. कुठंतरी मासा उसळला तो. जऊळक्याच्या स्टेशनावर गाडी लागली तिचे ब्रेक, एवढ्या लांबून. आयुष्यभर हे सगळं डब्यांच्या खणखणाटाखाली गाडलेलं होतं.

"जलम गेला इथं," बाबा म्हणाले, "पन असं ऐकलं नवतं." त्यांचे डोळे भरून आले होते. मी तेव्हा मनात म्हटलं, घ्या, हा तुमचा नियम.

धरणाच्या मधोमध पोचलो तेव्हा नावेच्या तळाला खालून काहीतरी टेकलं.

धक्का म्हणता येणार नाही. गादीच्या एका टोकाला, माझ्या पायाजवळ, लिंबाएवढा उंचवटा आला आणि गेला. मग वीतभर पुढं दुसरा. मग त्याच्या पुढं.

बुडालेल्या बाभळींचे शेंडे, मी स्वतःला सांगितलं. धरण झालं तेव्हा झाडं तोडली नव्हती. पाणी उतरलं की काही शेंडे वर दिसतात. एकापाठोपाठ एक लागले असतील.

मी गळ टाकला. लगेच रोहू लागला, चांगला दणदणीत. त्या सकाळी आम्ही जेवढे मासे आणले तेवढे बाबांनी दोन हात धड असतानाही एका फेरीत कधी आणले नव्हते. मालेगावच्या बाजारात बाबांनी स्वतः ओरडून विकले.

संध्याकाळी नाव पुसताना मला सुचलं. मोटरचा दांडा नावेच्या तळापेक्षा हातभर खाली जातो. शेंडा असता तर पुढून मागं येऊन पात्याला अडकला असता.

कासव असेल, मी म्हटलं.

४

ते रोज यायला लागलं. काठाजवळ नाही. मधल्या पाण्यात शिरलं, मोटरची गुणगुण कानाला सवयीची होऊन नाहीशी झाली, की यायचं. माझ्या पायापासून सुरू व्हायचं आणि बाबांच्या दिशेनं जायचं. एक उंचवटा, मग एक. त्याला आता आवाजही होता. ओल्या पाटावर ओलं पाऊल पडावं तसा. थप. थप.

मी शिकलेली बाई आहे. मी चाचणी घेतली. मूठ सैल केली, मोटर बंद. नाव तरंगत राहिली. थप थांबली.

पण एक थप उशिरा थांबली.

मी परत मोटर लावली, परत बंद केली. परत तेच. आपण थांबलो, मग त्याला कळलं, मग ते थांबलं. प्रतिध्वनी, मी म्हटलं, आणि म्हणतानाच कळलं की मी मूर्खासारखं बोलते आहे. प्रतिध्वनीला आधी ध्वनी लागतो. आमची नाव तर मुकी होती.

मग तळाशी कुजणाऱ्या पाल्याचा वायू. त्याचे बुडबुडे वर येतात, गादीखाली अडकतात, सरकतात. हे कारण मला आवडलं. त्यात रसायनशास्त्र होतं. मी ते बाबांना समजावून सांगायला तोंड उघडलं आणि तेव्हा पाहिलं, बाबा डाव्या हाताच्या तळव्यानं गादीवर हळूहळू थापटत होते. खालून थप आली की वरून एक. खालून एक, वरून एक. झोपत नसलेल्या मुलाला थोपटावं, तसं.

"बाबा, काय करून राह्यले?"

"काय?"

"हात."

त्यांनी हाताकडे पाहिलं. हात थांबला. "काई तं नाई," ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते.

५

मग बाबांचा उजवा हात हलायला लागला.

आधी नावेत. मासा सोडवताना त्यांनी नकळत उजवा हात पुढं केला आणि गळ धरला. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. मी ओरडले असते, पण बाबांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी हात खांद्यापर्यंत गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी डोक्यावरची टोपी त्यांनी उजव्या हातानं काढली. नस कधीकधी उशिरा भरते, मी म्हटलं. मोबाइलवर वाचलंही. मी त्या रात्री शिरा केला.

फक्त एवढंच की घरी आलं की हात परत जड व्हायचा, आणि एक दिवस मला ताप आला, नाव नेली नाही, तर संध्याकाळपर्यंत तो पार लोंबायला लागला. बाबा उंबऱ्यात बसून धरणाकडे पाहत होते. "उद्या नेशीन ना मले?" त्यांनी विचारलं. माझ्या बापानं माझ्याकडे असं काही कधी मागितलं नव्हतं. मी म्हटलं, नेईन.

रंगूआत्या आली ती त्यानंतर दोन-चार दिवसांनी. बाबा जेवत होते, उजव्या हातानं. मला वाटलं आता आत्या कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढेल. ती दारातच उभी राहिली.

"कवापासून?"

"पाह्य ना आत्या! नाव लागू पडली."

"अजून मुकीच नेतं का?"

"हाव."

आत्या आत आली. तिनं पळी उचलली आणि रिकाम्या परातीवर वाजवायला लागली. बाबांचा घास हातात थांबला. त्यांचा चेहरा असा झाला, जसं ते फोनवर कोणाशी बोलत आहेत आणि मध्येच कोणी गोंधळ घालतं आहे.

"रंगे, बंद कर!" बाबा ओरडले. बाबांनी आत्याला एकेरी नावानं कधी हाक मारली नव्हती.

जाताना आत्या मला अंगणात ओढून म्हणाली, "त्याले खाटेवर निजव. भुईवर नको."

"काहून?"

तिनं नुसत्या भुवया वर केल्या. मला राग आला. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा तो रागच मोठा होता. कोणत्याही गोष्टीचं कारण न सांगता, नुसतं भुवया वर करून, ही माणसं पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याला भिववत आली आहेत. मी मुद्दाम बाबांची सतरंजी भुईवरच घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानातून परत आले. दार लोटलेलं होतं. घरात उन्हाची एक पट्टी आणि बाबा फरशीवर पालथे, कान फरशीला लावून. उजवा तळवा पसरलेला.

थप, त्यांनी केलं. आणि थांबले.

आमचं घर टेकाडावर आहे. धरण तिथून दिसतं, पण पाणी खूप खाली आहे. घराखाली मुरूम आहे, त्याखाली काळा खडक. विहीर खणताना सुरुंग लावावे लागले होते. मी हे सगळं दारात उभ्यानं आठवलं, एकेक करून.

मी अनवाणी होते. बाबांनी परत हात उचलला नाही, पण माझ्या टाचेखाली फरशीला काहीतरी झालं. फार थोडं. जात्याशेजारी बसलं की जेवढं जाणवतं तेवढं.

मी धावत जाऊन भिंतीवरचा टीव्ही लावला, मोठ्यानं. बाबा उठून बसले आणि म्हणाले, "आली का वैजू? चहा कर."

६

मी शेवटचं एकदा नाव नेली. काहून नेली हे मला कोणी विचारू नये. मला बघायचं होतं. आणि बाबांचा हात त्या सकाळी इतका मेला होता की त्यांना सदऱ्याच्या बाहीत तो घालता येईना, आणि ते रडत होते.

मी सोबत बांबूची काठी घेतली, तळाखाली फिरवून पाहायला. नटबोल्टचा पाना होता, मोटर कसायचा. स्टीलचा जेवणाचा डबा होता. डबा मी वाजवायला घेतला नव्हता. त्यात भाकरी होती.

ऊन चढलं होतं. वाऱ्याचा पत्ता नव्हता. पाणी तेलासारखं पडलं होतं. मधे पोचलो आणि बाबांनी आपणहून दोन्ही तळवे गादीवर ठेवले.

या वेळी पावलं आली नाहीत.

मला आधी लक्षात आलं ते काठाचं. मी समोरच्या काठावरच्या एका वाळक्या बाभळीवर नाव धरली होती. ती जवळ येईना. मूठ पूर्ण पिळली. मागं पाण्याला फेस आला, पातं जोरात फिरत होतं, बॅटरीचे सगळे दिवे हिरवे. बाभूळ तिथंच.

मी बाबांकडे पाहिलं.

त्यांच्या डाव्या हाताखाली गादी दबली होती, जशी हातानं दबावी. उजव्या हाताखाली ती दबली नव्हती. ती वर आली होती. हिरवं कापड ताणून ताणून पातळ झालं होतं आणि त्यातून, खालून, एक तळवा बाबांच्या तळव्याला टेकला होता. बोटांना बोटं लावून. मी बोटं नीट पाहिली. बाबांच्या बोटांच्या पुढं ती एका पेरानं लांब होती. मग त्या लांब पेरांनी वाकायला सुरुवात केली. बाबांच्या बोटांवरून, कापडासकट.

बाबा हसत होते. उजवा दंड भरलेला, शीर न् शीर वर आलेली, विशीतल्या पोराच्या दंडासारखा.

नियम मला पाठ होता. डबा माझ्या पायाशी होता. तरी किती वेळ मी नुसती बघत होते, सांगता येणार नाही. मग मी पाना उचलला आणि डब्यावर घातला. भाकरी उडाली. मी डबा ठोकत सुटले आणि तोंडाला जे आलं ते ओरडत सुटले. गाणं आठवलं नाही, देवाचं नाव आठवलं नाही. हायड्रोजन, मी ओरडले. हेलियम. लिथियम. बेरिलियम. बोरॉन. आवर्त सारणी मला कधी एवढी पाठ नव्हती. आर्गॉनपाशी नावेला हिसका बसला, बाबा उताणे पडले, आणि बाभूळ एकदम अंगावर यायला लागली.

काठ लागेपर्यंत मी थांबले नाही. डब्याचं झाकण निघालं होतं, तळ पोचला होता.

बाबा नावेतून उतरले नाहीत. "काहून वाजवलं व?" ते म्हणाले. मी आयुष्यात त्यांचं एवढं दुखावलेलं तोंड पाहिलं नाही. "चांगलं बोलून राह्यलो होतो आमी."

७

त्याच दिवशी दुपारी संस्थेच्या खोलीत बोलावणं आलं. टिनाची खोली, अगदी पाण्याला लागून. खिडकीत रेडिओ चालू, सोयाबीनचे भाव सांगणारा. मी खांद्याला बॅग अडकवली होती. त्यात बाबांचे दोन जोड, माझे दोन जोड. इथून सरळ बसस्टँडवर जायचं आणि वाशीम गाठायचं, एवढं मी ठरवलं होतं. बाबांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून ते सोबत. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. उजवा हात मांडीवर. तो मांडीवर थापटत होता, सावकाश.

मोठेबाबा, आत्या, रामकिसनकाका. तिघंही बाबांकडे पाहत नव्हते.

"हात पाह्यला तू?" मोठेबाबांनी विचारलं.

"पाह्यला."

कोणीच विचारलं नाही, कोणाचा.

"उद्या सकायी जगदेवले पाण्यावर ने," ते म्हणाले.

"डबा वाजवत?"

"आता डब्याचा उपेग नाई. जगदेवनं त्याले हात देला. मुकीच ने. मधात नेऊन मोटर बंद कर, आन डोळे मिट."

"मंग?"

"मंग तू वापस ये."

'तू' हा शब्द मला समजायला वेळ लागला. बाबा माझ्याकडे पाहून हसत होते, लग्नाची बोलणी चालू असलेल्या घरातल्या वरबापासारखे.

"तुमचा पाठचा भाऊ हाय तो, मोठेबाबा."

"म्हनूनच मी सांगून राह्यलो. दुसऱ्याच्या तोंडून तू आयकलं नसतं."

"आन नाई नेलं तं?"

"तं ते काठावर येते. मंग एकावर थांबत नाई." रामकिसनकाकांनी हे दाराबाहेर पाहत सांगितलं. थट्टा करणारा माणूस. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"ते म्हणजे काय?"

रेडिओवर तुरीचे भाव सुरू झाले.

"बरं, ते नका सांगू. तुमाले ते येतही नसन. एवढं सांगा, मी एकटी वापस येईन हे तुमाले कसं माहीत?"

"मी आली होती," आत्या म्हणाली.

आत्याचा नवरा सुरतेला कामाला गेला आणि तिकडेच राहिला, असं मी जन्मापासून ऐकत आले होते. दर दिवाळीला आत्या म्हणायची, औंदा येतीन. मी तिच्याकडे पाहिलं. ती स्वतःचे हात पाहत होती, उलटे करून, सुलटे करून.

"वल्हं हातातून पडलं होतं त्याचं," ती म्हणाली. "दिवसभर शोधत राह्यलो आमी दोघं. बोललो नाई, भांडण झालं होतं. एवढंच." मग हात पदराखाली घेऊन, "डोळे उघडू नको, वैजू. मी उघडले होते."

माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच काट्यातून राग वर आला. एवढ्या वर्षांत एक वाक्य. एक वाक्य कोणी सांगितलं असतं. तोंडावर हात ठेवण्यापेक्षा त्याला कमी वेळ लागला असता.

"मोटर मी आनली," मी म्हटलं. "ते माझ्यावर. पन मी इचारलं होतं. लहानपणी इचारलं, मोठेपणी इचारलं. तुमी डबे वाजवले. ते दूर राह्यलं पाह्यजे म्हनून नाई, तुमाले ऐकू येऊ नाई म्हनून. आत्याच्या माणसाचं नाव तुमी डबे वाजवून बुडवलं. माझ्या बापाचं बुडवू देणार नाई."

"आवाज कमी," मोठेबाबा म्हणाले.

"आता आवाज कमी? आता? मी नाई नेत. उद्या नाई, कवाच नाई. आत्ताच्या बसनं आमी वाशीमले जाऊन राह्यलो. आन काठावर काय येते ते तुमी पाहून घ्या, तुमचं धरण हाय. बाबा, उठा."

मी बाबांचा डावा दंड धरला. ते उठेनात. जड नव्हते, फक्त उठत नव्हते. मी ओढलं. खुर्चीचे पाय जमिनीवर घासले.

मला वाटलं आता तिघंही तुटून पडतील. ओरडतील, शिव्या देतील, कुळाचं नाव काढतील. मी त्याची वाट पाहत होते. त्या वेळी मला तेच हवं होतं, खूप आवाज.

मोठेबाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं डोळे मिटले. रामकिसनकाकांनी तळहातावरचा तंबाखू मळणं थांबवलं.

"बोला ना," मी म्हटलं. "मोठेबाबा. काका. कोनीतं बोला."

मोठेबाबांनी हात लांब केला, खिडकीतला रेडिओ बंद केला, आणि पाण्याला लागलेल्या त्या खोलीत ते तिघंही मुके झाले.